सल्लागारांची पहिली नोकरी

ह्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे आलेलं काम खरं तर लेखाचं नव्हतं. दिवाळीनंतरच्या बैठकीत शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांचं एक सल्लागार मंडळ करायचं ठरलं, अकरा नावं निघाली, आणि त्या अकरा जणांचे परिचय एकसारखे करून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण नेहमीचंच : "तू सॉफ्टवेअरवाली, तुला काय जड आहे?"

एका रविवारी बसून तक्ता भरला. नाव, पद, कंपनी, गाव. व्हाइस प्रेसिडेंट, पुणे. डायरेक्टर, सिंगापूर. सीनियर मॅनेजर, न्यू जर्सी. अकरावी ओळ माझी. तक्ता सुबक झाला, पण तो वाचून शाळेला कोण कशात मदत करू शकेल हे मलाच कळेना. आपल्या वेळी पाचवीच्या तीन तुकड्या होत्या. आज एक आहे आणि तीही भरत नाही. प्रयोगशाळेत बाकं आहेत, पण प्रयोग होत नाहीत. यावर 'डायरेक्टर, सिंगापूर' काय सांगणार? आणि मी तरी काय सांगणार?

मनात किंतू यायला आणखी एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे मोठ्या ग्राहकांचं एक सल्लागार मंडळ होतं. वर्षातून दोनदा भेटायचं. एका बैठकीसाठी आकडेवारी मी तयार केली होती. आमचं सॉफ्टवेअर महिन्यातून किती वेळा बंद पडतं आणि का, यावर त्यात दोन स्लाइड होत्या. बैठकीच्या आदल्या रात्री त्या दोन्ही काढून टाकल्या गेल्या. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाने आमचं कौतुक केलं, जेवणही उत्तम होतं. पुढच्या तिमाहीत त्याच मंडळातल्या एका ग्राहकाने करार मोडला. कारण तेच, सॉफ्टवेअर वरचेवर बंद पडत होतं.

म्हणून आपलं मंडळ कागदावर येण्याआधी, असं मंडळ दुसरीकडे कुणी आणि कशासाठी केलं होतं ते बघायचं ठरवलं. आमच्या धंद्यात नवा कोड लिहिण्याआधी जुना वाचायची पद्धत आहे. शोधता शोधता मी शांघायला पोचले आणि महिनाभर तिथेच अडकले. त्याची ही हकीकत.

शांघाय म्हटलं की आपल्याला २००४ च्या आसपासची 'मुंबईचं शांघाय करू' ही भाषा आठवते. मुंबईचं शांघायशी नातं मात्र त्याहून फार जुनं आहे. ससून डॉक आणि काळ्या घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी ज्या घराण्याच्या नावाने उभी आहे, त्याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूनने मुंबईतला आपला कारभार शांघायला हलवला. हुआंगपू नदीकाठच्या 'बंड' नावाच्या रस्त्यावर १९२९ मध्ये त्याचं कॅथे हॉटेल उभं राहिलं. बँका, विमा कंपन्या, वर्तमानपत्रं, सगळ्यांच्या इमारती ह्या रस्त्यावर होत्या. १९४९ च्या क्रांतीनंतर परदेशी कंपन्या गेल्या. कारखाने चालत राहिले, पण त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या तिजोरीत जात राहिला आणि शहर जुनं होत गेलं. १९८८ च्या सुरुवातीला दूषित शिंपल्यांमुळे तिथे काविळीची साथ आली, सुमारे तीन लाख माणसं आजारी पडली. घरं अपुरी होती, सांडपाणी नदीत जात होतं, नदीपलीकडच्या पुडोंग भागात शेतं, गोदामं आणि जुन्या वस्त्या होत्या. त्याच वर्षी शहराला नवे महापौर मिळाले, झू रोंगजी.

ह्या माणसाचा परिचय आपल्या तक्त्यात कसा बसवला असता? 'महापौर, शांघाय' एवढाच. त्याआधीचं आयुष्य असं : जन्म १९२८, हुनान प्रांतात. वडील जन्माआधीच वारले, आईही लहानपणी गेली, काकांनी वाढवलं. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातून १९५१ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले आणि सरकारी नियोजनाच्या खात्यात लागले. १९५७ मध्ये सरकारनेच लोकांना मोकळेपणाने टीका करा असं सांगितलं. झूंनी आर्थिक धोरणावर खरोखरच टीका केली. पुढच्या वर्षी त्यांच्यावर 'उजवा' असा शिक्का बसला आणि पक्षातून हकालपट्टी झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९७० ते १९७५, त्यांना शेतकामाला पाठवण्यात आलं. तो शिक्का पुसला गेला १९७८ मध्ये. म्हणजे तिशीपासून पन्नाशीपर्यंतची वर्षं, जेव्हा बाकीच्यांच्या बढत्या होतात, तेव्हा हा माणूस खालच्या कामांत आणि शेतात होता. खरं बोलल्याची किंमत किती असते हे त्याला ठाऊक होतं. तरीही साठीला टेकल्यावर त्याने परक्या लोकांना बोलावून आपल्या शहराचे दोष विचारले. मला ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

महापौर होताच झूंनी पहिल्यांदा ऐकली ती तक्रार. परदेशी कंपनीला शांघायात कारखाना काढायचा तर ह्या खात्याचा शिक्का, त्या खात्याचा शिक्का, असे डझनावारी शिक्के लागत. आपल्याकडे शेतजमिनीवर गोठा बांधायला परवानगी काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. झूंनी १९८८ मध्येच एक कार्यालय उघडलं आणि परवानगी तिथे एकाच ठिकाणी मिळेल असं केलं. परदेशी लोकांनी त्यांना 'एक शिक्का झू' असं टोपणनाव ठेवलं. सरकारी मेजवान्यांवरही त्यांनी बंधन आणलं, चार पदार्थ आणि एक सूप, बस्स.

त्यानंतरचं पाऊल म्हणजे शांघायच्या महापौरांचं आंतरराष्ट्रीय उद्योजक सल्लागार मंडळ. ते स्थापन झालं १९८९ मध्ये, आणि ते वर्ष विसरून चालणार नाही. त्याच जूनमध्ये बीजिंगच्या तियानानमेन चौकात लष्कराने आंदोलन चिरडलं. पाश्चात्त्य देशांनी निर्बंध घातले, जागतिक बँकेने नवी कर्जं थांबवली, बऱ्याच कंपन्यांनी आपली माणसं परत बोलावली. अशा काळात, त्याच वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, मंडळाची पहिली बैठक शांघायात भरली. अध्यक्ष होते अमेरिकेतल्या एआयजी ह्या विमा कंपनीचे प्रमुख मॉरिस ग्रीनबर्ग. सगळे त्यांना 'हँक' म्हणत.

विमा कंपनीचा प्रमुखच का? याचं उत्तर त्या कंपनीच्या जन्मदाखल्यात आहे. एआयजी ही अमेरिकी कंपनी जन्मली शांघायात. कॉर्नेलियस व्हँडर स्टार हा कॅलिफोर्नियातला तरुण. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी आइस्क्रीमचा धंदा केला, मग जपानमध्ये योकोहामाला एका आगबोट कंपनीत कारकुनी केली, आणि तिथून १९१९ मध्ये शांघायला येऊन विम्याची छोटीशी एजन्सी उघडली. परदेशी विमा कंपन्यांचा धंदा तेव्हा मुख्यतः तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांशी होता. स्टारने चिनी माणसांना विमा विकायला सुरुवात केली. पुढे बंडवरच्या १७ नंबरच्या इमारतीत त्याचं कार्यालय आलं. १९३९ मध्ये, युद्धाच्या छायेत, मुख्य कार्यालय न्यूयॉर्कला गेलं, आणि क्रांतीनंतर चीनमधला उरलासुरला कारभारही संपला. चीनमध्ये तर १९५९ पासून जवळजवळ वीस वर्षं देशांतर्गत विमा हा प्रकारच बंद होता.

ग्रीनबर्ग हे स्टारचे वारसदार. त्यांचीही पहिली वर्षं बघा. न्यूयॉर्कचा जन्म, वडील टॅक्सी चालवत, नंतर त्यांनी गोळ्या-चॉकलेटचं दुकान काढलं. ग्रीनबर्ग सहा-सात वर्षांचे असताना वडील गेले. आईने एका दूधवाल्या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि मुलगा गोठ्यात काम करत वाढला. सतराव्या वर्षी वय चोरून सैन्यात भरती झाला, १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, डाखाऊची छळछावणी मोकळी करणाऱ्या फौजेत होता. घरी येऊन राहिलेलं शिक्षण पुरं केलं, वकिलीची पदवी घेतली, तेवढ्यात कोरियाचं युद्ध आलं, तिकडे गेला. परत आल्यावर एका विमा कंपनीत नोकरी मागायला गेला, तर भरती करणारा अधिकारी उद्धटपणे वागला. ग्रीनबर्ग तडक वरच्या साहेबाच्या खोलीत शिरले आणि तुमचा माणूस नालायक आहे असं सांगितलं. साहेबाने त्यांनाच नोकरीवर ठेवलं. १९६० मध्ये ते स्टारच्या कंपनीत आले, १९६८ पासून एआयजीचे प्रमुख झाले आणि सदतीस वर्षं तिथे राहिले.

आता सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न : ह्या गृहस्थाला शांघायच्या महापौराला सल्ला देण्यात काय रस? अगदी उघड रस होता. त्यांना चीनमध्ये विमा विकण्याचा परवाना हवा होता. १९७५ मध्ये ते पहिल्यांदा चीनला गेले तेव्हापासून त्यांनी हे दार सोडलं नव्हतं. परवाना मिळाला १९९२ मध्ये, क्रांतीनंतर परदेशी विमा कंपनीला मिळालेला पहिला, आणि तो शांघायसाठीच. मंडळाचं अध्यक्षपद भूषवलं म्हणून परवाना मिळाला असं सरळ गणित मी मांडणार नाही. त्यामागे सतरा वर्षांच्या खेपा होत्या. पण दोघांनाही एकमेकांचा हेतू माहीत होता. झूंना भांडवल, जगाचे नियम आणि जगात पत हवी होती, ग्रीनबर्गना बाजार हवा होता. कुणी निरपेक्ष सेवेची भाषा केली नाही, त्यामुळे कोणता सल्ला कितपत घ्यायचा हे ठरवणं सोपं गेलं असणार.

परवान्यानंतर काय झालं तेही मजेशीर आहे. एआयजीच्या शांघाय शाखेने तरुण मुलामुलींना शिकवून घरोघर पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे एलआयसीचे काका घरी येऊन चहा पिऊन पॉलिसी गळ्यात घालायचे, त्यात काही नवल नव्हतं. शांघायच्या चाळींत ते नवलच होतं. थोड्याच वर्षांत चिनी विमा कंपन्यांनी ही एजंटांची पद्धत उचलली आणि देशभर पसरवली. स्टारने १९१९ मध्ये जे केलं तेच, सत्तरेक वर्षांनी. १९९८ मध्ये कंपनी बंडवरच्या त्या १७ नंबरच्या इमारतीत परत राहायला आली.

दरम्यान झू १९९१ मध्ये बीजिंगला उपपंतप्रधान म्हणून गेले आणि १९९८ मध्ये पंतप्रधान झाले. आणखी एक पद मात्र त्यांनी इतकी वर्षं सोडलं नव्हतं. त्सिंगहुआ विद्यापीठात १९८४ मध्ये अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाची शाखा सुरू झाली तेव्हापासून ते तिचे पहिले अधिष्ठाता होते. स्वतःच्या विद्यापीठाशी नातं राखणारा माजी विद्यार्थी म्हणून हे आपल्या स्मरणिकेत शोभून दिसेल. ते पद सोडण्याच्या आदल्या वर्षी, २००० मध्ये, त्या शाखेसाठीही त्यांनी परदेशी उद्योगपतींचं सल्लागार मंडळ नेमलं. त्याचे पहिले अध्यक्ष गोल्डमन सॅक्स ह्या गुंतवणूक बँकेचे प्रमुख हेन्री पॉलसन. योगायोग असा की त्यांनाही सगळे 'हँक'च म्हणतात. पॉलसन महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकलेले, मग हार्वर्डचं एमबीए, काही काळ संरक्षण खात्यात आणि व्हाइट हाउसमध्ये, १९७४ पासून गोल्डमनमध्ये. चीनच्या सरकारी कंपन्यांचे शेअर जगाच्या बाजारात विकायचं काम ही बँक करत होती. इथेही रस उघड होता.

आणि ह्या दोन हँकांची गाठ इतिहासाने विचित्र ठिकाणी घातली. ग्रीनबर्गना २००५ मध्ये हिशेबांच्या चौकशीच्या वादळात एआयजी सोडावी लागली. सप्टेंबर २००८ मध्ये जागतिक मंदीत एआयजी बुडायला आली आणि ती वाचवायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं, बदल्यात कंपनीची जवळजवळ ८० टक्के मालकी सरकारकडे गेली. त्या वेळी अमेरिकेचे अर्थमंत्री होते पॉलसन. शांघायच्या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाने वाढवलेली कंपनी सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा त्सिंगहुआच्या मंडळाचा पहिला अध्यक्ष त्या सरकारात बसला होता. साऱ्या जगाला पैशाचं शहाणपण सांगणाऱ्यांच्या घरची ही कथा. सल्लागाराचं पद बघून मान डोलावण्याआधी हे आठवावं.

त्सिंगहुआच्या मंडळाची पुढच्या वर्षांतली यादी चाळताना मला आपला तक्ता आठवला, कारण तीही तशीच आहे : नाव, पद, कंपनी. मग मी एकेकाची पहिली नोकरी शोधत बसले आणि यादी बोलायला लागली.

मेरी बारा, जनरल मोटर्सच्या प्रमुख. वडील त्याच कंपनीच्या कारखान्यात डाय बनवणारे कारागीर, एकोणचाळीस वर्षं. मुलगी १९८० मध्ये, अठराव्या वर्षी, कारखान्यात लागली. काम काय, तर मोटारीचे मडगार्ड आणि बॉनेट नीट बसलेत का ते तपासायचं. त्या पैशांतून शिकून इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली, पुढे अख्खा कारखाना चालवला, काही काळ मनुष्यबळ विभाग सांभाळला, आणि २०१४ मध्ये प्रमुख झाली. ह्या कंपनीचा चीनमधला भागीदारीतला मोठा व्यवसाय १९९७ मध्ये उभा राहिला, तोही शांघायातच.

ली स्कॉट, २००० ते २००९ वॉलमार्टचे प्रमुख. कॅन्सस राज्यातल्या लहान गावातल्या पेट्रोलपंपवाल्याचा मुलगा. टायरचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात काम करून शिक्षणाचा खर्च भागवला, मग मालवाहतुकीच्या कंपनीत लागला. वॉलमार्टकडे अडकलेलं एक बिल वसूल करायला गेला तेव्हा बिल मिळालं नाही, नोकरीचं बोलावणं मिळालं. ते लगेच स्वीकारलं नाही, पण १९७९ मध्ये तो त्यांच्या वाहतूक विभागात रुजू झाला.

टिम कुक, २०१९ मध्ये ह्या मंडळाचे अध्यक्ष झाले. अलाबामातल्या जहाजगोदीतल्या कामगाराचा मुलगा, १९८२ चा इंडस्ट्रियल इंजिनियर. आयबीएममध्ये बारा वर्षं कॉम्प्युटरचे सुटे भाग आणि माल वेळेवर पोचवण्याचं काम केलं. १९९८ मध्ये ॲपलमध्ये गेल्यावर पहिल्यांदा गोदामं बंद केली आणि माल पडून राहणं थांबवलं. आयफोन चीनमध्ये कसा बनतो याचा पाया त्याच कामात आहे.

आणि आपल्याला जवळचं नाव, सत्या नडेला. हैदराबादची शाळा, मणिपालची इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी, अमेरिकेत मिलवॉकीला कॉम्प्युटर सायन्स, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट, २०१४ मध्ये प्रमुख. शाळेत असताना क्रिकेटपटू व्हायचं होतं. त्या काळी आपल्याही वर्गातल्या निम्म्या मुलांना तेच व्हायचं होतं.

मला यातून उमगलं ते एवढंच. शेवटचं पद सगळ्यांचं सारखं असतं. 'प्रमुख' ह्या शब्दातून काहीच कळत नाही. कुणाला वसुली कळते, कुणाला गोदाम, कुणाला सदोष मडगार्ड आणि कुणाला अनोळखी दारावरची कडी वाजवणं, हे पहिल्या दहा वर्षांत दडलेलं असतं. ज्याला सल्ला हवा आहे त्याने तिथे बघून माणूस निवडावा.

पण ह्या हकीकतीची दुसरी बाजूही लिहायला हवी. आज शांघायला गेलं तर पुडोंगच्या शेतांवर गगनचुंबी इमारती दिसतात. त्याचं श्रेय मंडळाला देणं चूक ठरेल. पुडोंग विकसित करण्याची घोषणा १९९० मध्ये झाली, तो निर्णय केंद्र सरकारचा आणि पक्षाचा होता; मंडळ विचारलेल्या प्रश्नांवर वर्षातून एकदा मत देत होतं. मूठभर सदस्यांचे पुढे चाळीसच्या आसपास झाले, आणि इतक्या माणसांच्या वार्षिक बैठकीत भाषणं आणि फोटो जास्त असणार हे आपण गॅदरिंगवरूनही सांगू शकतो.

त्याहून मोठी उणीव सदस्यांच्या यादीतच होती. १९९० च्या दशकात, शहर झळाळत असताना, शांघायच्या जुन्या कापडगिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि लाखो कामगार घरी बसले. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. गिरणगावाचं काय झालं हे १९८२ च्या संपानंतर आपण पाहिलं आहे. आपल्याच गावात लालबाग-परळहून परत आलेली किती घरं होती, त्यांची मुलं आपल्या बाकांवर होती. मंडळाच्या टेबलाभोवती विमा, बँक, मोटार, सगळं होतं. गिरणीतली बाई तिथे नव्हती. तिला विचारलं असतं तर गिरण्या वाचल्या असत्या असं नाही, पण त्या टेबलावर तो प्रश्न कुणाचा नव्हता.

आता आपल्या अकरा नावांकडे येते. मी तो तक्ता मोडला आहे. समितीने रागावू नये. त्याऐवजी प्रत्येकाला चार प्रश्न पाठवते आहे. तुमची पहिली नोकरी किंवा पहिला धंदा कोणता, आणि त्यात हाताने काय करायचात? कशात सपशेल आपटलात? शाळेसाठी महिन्यातले किती तास खरोखर देऊ शकता? आणि ह्या मंडळात तुमचा स्वतःचा रस काय?

माझी उत्तरं आधी देते, म्हणजे बाकीच्यांना संकोच नको. मी २००२ मध्ये इंजिनियर झाले तेव्हा अमेरिकेतला डॉट कॉमचा फुगा फुटलेला होता आणि कॉलेजमध्ये मिळालेली नोकरी कागदावरच राहिली. चौदा महिने मी आपल्या एस. टी. स्टँडमागच्या क्लासमध्ये एमएस-सीआयटी शिकवलं. विद्यार्थी कोण? बढतीसाठी प्रमाणपत्र हवं असलेले तलाठी, निवृत्तीला आलेले मास्तर, माउसला हात लावताना पदराला हात पुसणाऱ्या बायका. माझ्या आजच्या परिचयात ही चौदा महिन्यांची ओळ मी कधीच लिहीत नाही. पण शाळेला माझा काही उपयोग असेल तर तो तिथलाच आहे : घाबरलेल्या माणसाला यंत्रापुढे बसवायचं कसं, हे मला येतं. आपटण्याबद्दल म्हणाल तर, त्या दोन स्लाइड काढल्या जात असताना मी गप्प बसले, हे मी अपयशच मानते.

आणि रस? माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकली. मराठी शाळा जगल्या पाहिजेत असं मी कार्यक्रमांत बोलते आणि माझं मूल मी तिथे घातलं नाही. त्याची बोच आहे. मंडळात यायचं माझं खरं कारण ती बोच आहे, समाजसेवा नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे माझ्या सल्ल्यात भावनेचं पाणी किती आणि दूध किती हे तुम्हाला ओळखता येईल.

शेवटची विनंती. अकरा नावांत अजून तीन घाला. आपल्याच वर्गातला एक जण एस. टी. डेपोत मेकॅनिक आहे, त्याची दोन्ही मुलं ह्याच शाळेत शिकली. एक मैत्रीण अंगणवाडी चालवते. पाचवीत कोणती मुलं येणार आणि कोणती दुसरीकडे जाणार हे तिला पाच वर्षं आधी कळतं. आणि तिसरं नाव अशा एका पालकाचं, ज्याने गेल्याच वर्षी आपलं मूल ह्या शाळेतून काढून दुसरीकडे घातलं. त्याला बोलवायला आपल्याला जड जाईल. शिक्षकांनाही आवडणार नाही.

पहिल्या बैठकीसाठी आकडेवारी मीच काढणार आहे : गेल्या दहा वर्षांची पटसंख्या, किती मुलं सोडून गेली, आणि कुठे गेली. त्याच्या दोन स्लाइड होतील. या वेळी त्या काढू नयेत, आणि काढायला कुणी सांगितलंच तर मी गप्प बसणार नाही.